मापाची गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय टाळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या दुकानात येत नाही.

बुऱ्हाणपुरात आमचं मेडिकल आहे. फार्मसीची पदवी माझी, काउंटरमागे फ्रेम करून टांगलेली. गिऱ्हाइकांचा मला मनापासून तिटकारा — निरोध हवा असताना आधी खोकल्याच्या गोळ्या मागणारे बाप्ये! आणि जाड माणसं तर डोक्यातच जायची. मावा जिलेबी हाणायची आणि मग गुडघ्याला मलम मागायचं. मी स्वतः काडी. त्याचा कोण तोरा होता मला!

निंबोल्याची सविता एका दुपारी आली. दोन मुलींची आई, अंगाने चांगलीच भरलेली. दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढून ती मरता मरता वाचली होती, तिसरं नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं — मला सगळं माहीत होतं, तिची औषधं माझ्याकडूनच जायची. आदल्या रात्री निरोध फाटला होता. तिने ती नंतर घ्यायची गोळी मागितली आणि पाकीट हातात धरून हळूच विचारलं, "ताई, एकच बस होईल का? वजन ज्यादा आहे नं माझं."

किती नेमका प्रश्न! आणि उत्तर मला येत होतं. वजन जास्त असेल तर ही गोळी कमी पडू शकते. दोन घेतल्या म्हणून काम होईलच, असंही नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली, तर वजनाने काही बिघडत नाही. सरकारी दवाखान्यात जा — एवढंच तर म्हणायचं होतं.

पण काउंटरवर आणखी बायका उभ्या होत्या. मी मोठ्याने म्हणाले, "गोळी आहे गं ती, ब्लाउजपीस नाही — अंगाच्या मापाने घ्यायला!"

हशा पिकला. सविताही हसली — दुसरं काय करणार होती? एक गोळी घेऊन गेली.

तिला दिवस राहिले. सासूला नातू हवा होता, तिने पाडू दिलं नाही. पुढे बीपी चढलं, झटका आला. बाळ गेलं आणि सविताचा डावा हात कायमचा लुळा पडला. गोळी कुणाचीही फसू शकते, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. काय पण शहाणपणा!

आता ती बीपीच्या गोळ्या न्यायला येते. माझ्यावर तिचा केवढा विश्वास! "गोळी बिचारी काय करणार, ताई, माझी बॉडीच अशी," म्हणते. दुसऱ्या कुणी डोस विचारला, तर मध्येच बोलते, "अगं, गोळी काय ब्लाउजपीस आहे का?"

सगळे हसतात. मी पिशवी तिच्या उजव्या हातात अडकवते — आणि मीही हसते.