बाहेर राहिलेले आटे

वरवंडच्या चौकात माझा फोटो असलेला फ्लेक्स लागलाय. त्यावर मला ‘विमानतज्ज्ञ’ म्हटलंय आणि खाली लिहिलंय की माझ्या नजरेमुळं मोठा अपघात टळला. दूध आणायला जाताना मी हल्ली मागच्या गल्लीनं जातो. तो हसरा चेहरा बघवत नाही. ज्याच्या नजरेमुळं अपघात टळला तो माणूस शिरूरला राहतो, आणि त्याला कामचुकार ठरवून मीच घालवला. हे आता लिहून ठेवतो.

माझं आयुष्य फ्लाइंग क्लबात मेकॅनिक म्हणून गेलं. म्हातारपणी घरी बसलो असताना खुटबावच्या एका बागायतदारानं जुनं, दोन माणसांचं विमान विकत घेतलं. नळ्यांचा सांगाडा, वर कापड ताणलेलं. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ते ठेवलं आणि उडण्याजोगं करायला मला बोलावलं. मी मदतीला शिरूरच्या त्या माणसाला घेतला. मुसलमान, पन्नाशी ओलांडलेला, क्लबात माझ्याच हाताखाली तयार झालेला. क्लबातनं बाहेर पडल्यावर तो शिक्रापूरला एका कारखान्यात लागला होता. विमानाचं नाव काढल्यावर ती नोकरी सोडून आला. त्याला म्हातारपणापर्यंत पुन्हा याच कामात राहायचं होतं आणि त्यासाठी त्याच्याकडं फक्त त्याचं नाव होतं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. पायलटच्या हातातल्या स्टिकपासून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत ज्या केबली जातात, त्यांना हात लावला की काम करणाऱ्यानं ते स्वतः पास करायचं नाही. दुसऱ्या माणसानं यायचं, पहिल्याला काही विचारायचं नाही, झाकणं उघडून आपल्या डोळ्यांनी बघायचं. क्लबात हे सगळे पाळायचे. इथं शेडमध्ये मालकाला ते पटेना.

‘‘आप्पा, तुमी केलंय म्हंजी झालंच की. तुमचं काम तपासायचं म्हंजी तुमचा अपमानच,’’ तो म्हणायचा. आणि मला ते ऐकायला गोड वाटायचं. तेवढ्यानंच मी वाया गेलो.

शेपटीच्या आडव्या भागाची, म्हणजे ज्यानं विमानाचं नाक वर-खाली होतं त्याची, एक केबल मी नवी केली. जुनी केबल वाकलेली होती. ती सरळ न ताणताच मी माप घेतलं. नवी अर्ध्या पेराइतकी आखूड झाली. दोन केबलींची टोकं पितळी नळीत आट्यांनी बसतात, ती फिरवून ताण कमीजास्त करतात. टर्नबकल म्हणतात तिला. केबल आखूड असली की आटे आत पुरेसे शिरत नाहीत, बाहेर उघडे राहतात. तीनपेक्षा जास्त दिसले तर ते काम बाद. माझे जास्त दिसत होते. पण विमान गावाला दाखवायचा कार्यक्रम ठरला होता, मांडव घातला होता. मी ताण बरोबर आणला, नळी फिरू नये म्हणून वरून तार गुंडाळली आणि झाकण लावलं.

शिरूरच्यानं दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, टॉर्च आत धरला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

‘‘आप्पा, हे मी पास करणार न्हाई.’’

‘‘ताण बरोबर हाय का न्हाई?’’

‘‘ताण बरोबर हाय. पकड न्हाई. केबल आखूड झालीय.’’

‘‘आता तू मला शिकवणार व्हय?’’

‘‘तुम्हीच शिकवलंय. मी तुमचंच म्हणणं तुम्हाला ऐकवतोय.’’

तेवढ्यात मालक आत आला. काय झालं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ‘‘यानं केबल आखूड केली. मी धरलं म्हणून बरं.’’

किती सहज निघालं ते तोंडातून. अजून त्याची चव जात नाही.

तो माझ्याकडं बघत हात पुसत राहिला. ‘‘केबल कुणी केली ते आप्पांना माहीत हाय,’’ एवढंच बोलला.

‘‘आप्पा खोटं बोलतील व्हय?’’ मालक म्हणाला. ‘‘तुमी उद्यापासून येऊ नका.’’

तो हत्यारांची पेटी मोटारसायकलला बांधून गेला. मागं शेडमध्ये चहा आला. मालकाचा एक पाहुणा कपात बघत म्हणाला, ‘‘ह्या लोकांच्या हातचं काम असलंच असतंय.’’ दोघंतिघं हसले. मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

नंतर शेडमध्ये एकट्यानं मी नवी केबल केली. ती बरोबर झाली. पण ती दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून गेली नाही. कार्यक्रमात माझ्या अंगावर शाल घातली, विमानाला झेंडूच्या माळा घातल्या, पोरीबाळींनी पंखावर हात ठेवून फोटो काढले. मग फ्लेक्स लागला.

पुढं ते उडवायला पुण्याहून एक निवृत्त पायलट आले. सीटवर बसले, स्टिक मागंपुढं केली, शेपटीकडं वळून बघितलं.

‘‘केबली दुसऱ्या कुणी तपासल्यात?’’

‘‘आप्पांनी केल्यात, साहेब. त्यांच्यावर कोण तपासणार?’’ मालक म्हणाला.

पायलटांनी माझ्याकडं बघितलं. या माणसाला घेऊन ते विमान वर जाणार होतं. मी म्हणालो, ‘‘नाही तपासल्या. ज्यानं तपासल्या होत्या त्याला मी घालवला. चूक माझी होती.’’ आणि सगळं सांगितलं, चहापर्यंत.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘आप्पा, आता कशाला उकरून काढताय? फ्लेक्स लागलाय.’’ त्याला राग आलाच नव्हता. फक्त अडचण झाली होती. त्या अडचणीचा मला रागापेक्षा जास्त वीट आला.

पायलट खाली उतरले. त्या माणसानं बघितल्याशिवाय मी बसणार नाही, म्हणाले, आणि गाडी घेऊन शिरूरला गेले. परत आले ते एकटेच. तो यायला तयार होता. अट एकच होती, मी शेडमध्ये असायचं नाही.

तो आला त्या दिवशी मी घरी बसून राहिलो. दुपारी पायलटांचा फोन आला. सगळं ठीक आहे, म्हणाले. त्यानं प्रत्येक टर्नबकलवरची तार कापली, आटे मोजले, नवी तार लावली. मी केलेली केबल तर त्यानं पूर्ण सोडवून पुन्हा जोडली.

त्यानं जे करायला हवं होतं तेच केलं होतं. तरी फोन कानाला असताना माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की माझं काम सोडवायची याची हिंमत कशी झाली. मी ‘बरं झालं’ म्हणालो आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन चूळ भरली.