टॉवरच्या चार पायांमधली जागा

राजानंद काय काम करतो हे त्याच्या बायकोला, बेबीनंदालासुद्धा, धड सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं की ‘लाइटीच्या कंपनीत हायेत’ म्हणून ती मोकळी व्हायची. मग गल्लीत कुणाचं मीटर जळालं की माणसं याच्या दारात हजर. आणि याला तर साधा फ्यूज बसवता येत नव्हता.

त्याचं काम होतं वाट मागण्याचं. अंबडच्या आसपासच्या शिवारांतून विजेची एक जुनी मोठी लाइन जाते. तिच्या तारा बदलायच्या होत्या, त्याआधी टॉवरचे पाये उघडून तपासायचे होते. त्यासाठी सर्वेची माणसं लोकांच्या रानात शिरणार. ती शिरण्याआधी राजानंद जायचा. काय होणार, पीक मोडलं तर भरपाई कशी मिळणार, सगळं समजावून सांगायचा आणि मालकाचा होकार घेऊन यायचा. कंपनीतले काही जण कायदा दाखवून आत घुसणारे होते. राजानंद मात्र बांधावर उभा राहून हाक मारायचा आणि ‘या’ म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. त्याचा बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी होता. जन्मभर राबला, पण त्याला ‘या, बसा’ असं कुणी कधी म्हटलं नाही. त्यामुळे त्या शब्दाची किंमत राजानंदला चांगलीच ठाऊक होती.

एवढा काटेकोर माणूस, आणि तोच नेमका तुळजाबाईच्या रानात चुकला.

शेत तिच्या मुलाच्या, कचरूच्या नावावर. कचरू अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला. राजानंदनं त्याला फोन लावला. कचरू म्हणाला, “या ना भाऊ, बिनधास्त या. काही अडचन न्हाई.” मालकच ‘या’ म्हणाला म्हटल्यावर राजानंद निर्धास्त झाला. पण त्या रानात रोज खुरपं घेऊन वाकते कोण, कापूस वेचते कोण, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सर्वेची मंडळी इंजिनियर तृप्ती मॅडमच्या मागोमाग शेतात पोचली तर तुळजाबाई टॉवरच्या चार पायांच्या मधोमध मांडी घालून बसलेली. साठीच्या पुढची, काटकुळी बाई. पदर डोक्यावर, ओठ घट्ट मिटलेले.

“इथं कुदळ लागायची न्हाई,” ती म्हणाली.

कारण विचारलं तर म्हणाली कापूस उभा हाय. कापूस सोडून खोदू म्हटलं तर म्हणाली साप निघत्यात. साप बघून घेऊ म्हटलं तर म्हणाली, “पाया बराबर हाय, कशाला उकरता?” गावात लगेच बोललं जाऊ लागलं की म्हातारीला पैसा वाढवून पाहिजे. वरच्या साहेबांनी निरोप धाडला, सोमवारी बंदोबस्त घेऊन जा आणि खोदा. तृप्ती मॅडम कामाची पोरगी, मनानं वाईट नव्हती. ती राजानंदला म्हणाली, “काका, पोलिसांनी त्यांना उचलून बाजूला केलेलं मला बघवणार नाही. त्याआधी काहीतरी करा.”

राजानंद रविवारी एकटाच गेला. बांधावर उभा राहिला आणि हाक मारली, “मावशी, येऊ का?”

ती कापूस वेचत राहिली. हा उन्हात उभाच. शेवटी तीच म्हणाली, “ये बाबा. उभ्यानं काय पाय मोडून घेतो.”

“मावशी, मह्याकडून चूक झाली. तुमाला इचारायचं सोडून कचरूला इचारलं.”

तिनं ओटीतला कापूस फडक्यावर रिकामा केला आणि तांब्यातून त्याला पाणी दिलं. पाणी पिताना त्यानं टॉवरखाली पाहिलं. एरवी टॉवरखाली नांगर जात नाही, म्हणून तिथं गाजरगवत माजलेलं असतं. इथं मात्र गवताची काडी नव्हती. चारही कोपरे हातानं निगुतीनं साफ केलेले होते. हे काही सापाच्या भीतीनं केलेलं काम नव्हतं.

तो मराठवाड्यातल्या खेड्यात वाढलेला माणूस. कचरू हे नाव लाडाचं नसतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आधीचं मूल हाताला लागलं नाही की पुढच्याला मुद्दाम असं नाव देतात, म्हणजे त्याला कुणाची दृष्ट लागत नाही. आणि एवढंसं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात.

त्यानं तांब्या खाली ठेवला. “मावशी, कचरूच्या आधी कोन व्हतं?”

तुळजाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती इतकी वर्षं थांबली होती.

“पोरगी,” ती म्हणाली. “गोरीपान. बारशाच्या आधीच गेली. मालक आन् सासरा घेऊन गेल्ते तिला. बायांना जाऊ देत न्हाईत. मंग एकदा मालकच म्हनले, टावरखाली ठेवलीय, तिथं नांगर जात न्हाई, झोपू दे सुखानं. कोन्त्या कोपऱ्यात ते काई बोलले न्हाईत. म्या बी इचारलं न्हाई. इचारू इचारू म्हनता तेच गेले.” तिनं पदरानं डोळे पुसले. “म्हनून चारी कोपरे साफ करते. तुमी कोन्ता बी पाया उकरा, मला वाटनार तिथंच हाय ती.”

“कचरूला माहीत हाय?”

“त्याला काहून सांगू? लेकराच्या जिवाला घोर.”

राजानंदला आपल्या दोन्ही लेकी आठवल्या. कंपनी त्याला समजावण्याचा पगार देत होती, पण या बाईला समजावण्यासारखं काही नव्हतंच. खरं होतं ते तीच सांगत होती. तो उठून टॉवरच्या बाहेरून एक फेरी मारून आला. मग त्याला एक गोष्ट सुचली.

“मावशी, पायाच्या भाईरच्या अंगाला तर नांगर जातो ना?”

“जातो की. हे काय, पायापस्तोर कपाशी लावलेली.”

“मंग मालकानं तिला आतल्या अंगालाच ठेवली असंल. आमी भाईरून उकरलं तर?”

“उकरा मंग,” ती म्हणाली. “पन हे कुनाजवळ बोलू नको.” त्यानं शब्द दिला.

संध्याकाळी त्यानं तृप्ती मॅडमला फोन केला. पाया बाहेरून उघडता येईल का, आत कुदळ न घालता? ती म्हणाली, येईल, पण खड्डा लांब पडेल आणि उभा कापूस जाईल. “आतून का नको, काका?” तो म्हणाला, “ते इचारू नका, मॅडम. मह्यावर भरोसा ठेवा.” पोरीनं ठेवला आणि वरच्या साहेबांशी ती स्वतःच भांडली.

सोमवारी पोलीस आले नाहीत. मंडळी पोचली तेव्हा चारही पायांच्या बाहेरचा कापूस तुळजाबाईनं आपल्या हातानं उपटून बाजूला रचून ठेवला होता. अर्धी बोंडं अजून फुटायची होती. कचरूही सुट्टी टाकून आला होता. फोनवर आपण ‘या’ म्हणालो त्याचा एवढा तमाशा झाला म्हणून तो वरमला होता, आणि आता आईनं उभं पीक उपटलेलं पाहून चिडलाही होता. टॉवरच्या मधोमध उभा राहून तो ओरडला, “आई, परवापर्यंत कापसाला हात लावू देत नव्हतीस, आज उपटून टाकला? आतून उकरलं असतं तर काय झालं असतं?”

राजानंदनं मान खाली घातली. शब्द दिला होता.

तुळजाबाई म्हणाली, “बुटं काढ आधी. तुही बहीण हाय तिथं.”

कचरूला कळायला वेळ लागला. मग तो हळूच खाली बसला, बूट काढले, हातात धरले आणि एकेक पाऊल जपून टाकत बाहेर आला. आईजवळ आला तेव्हा त्याचा चेहरा पार लहान पोरासारखा झाला होता.

“नाव काय व्हतं?”

“ठेवलंच न्हाई. मनात व्हतं एक.”

“मंग सांग ना.”

तिकडे माणसांनी पहिली कुदळ उचलली होती. राजानंदनं हात वर करून त्यांना थांबवलं. तुळजाबाई लेकाच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. बांधापर्यंत ते ऐकू आलं नाही, आणि राजानंदही ऐकायला पुढे गेला नाही.

मग कचरूनं टॉवरकडे वळून ते नाव मोठ्यानं घेतलं.