मोसंबीच्या बागेत दोघींचा तंबू

स्कूटीवर पायांशी तंबूची पिशवी उभी करून आम्ही दोघी मायलेकी चिकलठाण्याहून निघालो, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं होतं. उत्तर होतं ‘नाही’. फक्त ते मला स्वतःच्या तोंडून द्यायचं नव्हतं, तंबूकडून वदवून घ्यायचं होतं.

झालं होतं असं, की प्राचीला, म्हणजे माझ्या लेकीला, माळरानावरच्या पक्ष्यांच्या नोंदी करायचं सहा महिन्यांचं काम मिळत होतं. तेही पार कर्नाटकाच्या सीमेवर. सोबतीला केरळची एक मुलगी, कधी न पाहिलेली, आणि राहायला दोघींत एक तंबू. तंबू आपला आपण न्यायचा. सोमवारी होकार-नकार कळवायचा होता. तिचे वडील कारखान्यात पाळीवर जाता जाता ‘तुम्ही दोघी ठरवा’ म्हणून मोकळे झाले. मी म्हटलं, आधी मी त्या तंबूत एक रात्र काढते, मग बोलू. मी ब्लाउज शिवणारी बाई. तीस वर्षं कापड हाताळते आहे. स्वस्तातल्या कापडात दहा दोष काढणं हा माझ्या हातचा मळ.

तंबू आदल्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात घेतला होता. रेनकोट, ताडपत्र्या आणि दप्तरं विकणारे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडे. मी तो तिथंच उलटा करून शिवण तपासली. टीप सरळ होती, पण दोरा कच्चा. आतून मात्र शिवणीवर पट्टी नीट चिकटवलेली होती, हे मला फारसं आवडलं नाही.

“दो आदमी आराम से सोते इसमें, आपा. मैं खुद सो के देखा,” चाचा म्हणाले.

“किसके साथ?”

“अकेला,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

तर असा तो तंबू घेऊन झाल्टा फाट्यावरून आम्ही बीडच्या रस्त्याला लागलो. थंडीचे दिवस होते. आडूळ मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना शाळू दिसायला लागला, मधूनमधून हरभरा, आणि मग मोसंबीच्या बागा. पाचोडला नेमका आठवडी बाजार भरलेला. मेथीच्या जुड्या, शेळ्या, स्टीलची भांडी यांतून वाट काढताना तंबूची पिशवी एका टोपलीला अडकली आणि पावशेर बोरं रस्त्यावर सांडली. आम्ही ती वेचून दिली, वर अर्धा किलो विकतही घेतली. पहिला दोष मी मनात टिपून ठेवला: पिशवी लांब आहे, गर्दीत आडवी येते.

पाचोडच्या पुढे कच्च्या रस्त्याला कडूबाईंची वस्ती आहे. कडूबाई म्हणजे माझ्याकडे ब्लाउज शिवून घेणाऱ्या एका बाईची आई. बागेत एक रात्र तंबू लावू द्या, असं मी फोनवर विचारलं होतं. त्यांनी ‘या’ म्हटलं होतं. पण तंबू हा शब्द त्यांनी मनावर घेतलाच नव्हता, हे गेल्यावर कळलं. दोन बाजा (सुताने विणलेल्या खाटा) गोधड्यांसकट तयार होत्या.

“घर असून कापडात कशाला निजता बाई?” त्यांचा चेहरा उतरला. “उद्या वस्तीवरले म्हणतील, कडूबाईनं पाहुण्या बायांना बाहेर काढलं.”

“मावशी, तसं नाही, हिच्या कामाचं आहे,” मी म्हटलं.

“काम करा की दिवसभर. निजायचं काय काम असतंय?”

खरं तर मी मनातून त्यांच्याच बाजूची होते. शेवटी त्यांचे यजमान, नाना, मध्ये पडले. ओट्यावरून दिसेल अशा ठिकाणी, बागेच्या पहिल्या ओळीत तंबू लावायचा आणि जेवण घरात करायचं, यावर तह झाला.

तंबू उभा करायला प्राचीला दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन काड्या ओवल्या, वाकवल्या, झाला उभा. खुंट्या मात्र मी मारणार म्हणून हटून बसले. कापड ताणून कसं बसवायचं हे मला कोणी शिकवायचं नाही. “आई, खाली बघून ठोक,” ती म्हणाली. मी दगड घेऊन चारही कोपरे असे ताणले, की कुठं सुरकुती म्हणून नाही. नाना लांबून बघत होते. “ताई, काम लई बेस केलं,” ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटली. गरम कणसं हातावर चोळून कडूबाई आमच्यापुढे दाणे टाकत होत्या. शेंगदाण्याची चटणी, गूळ, मग घरात मेथीची भाजी आणि भाकरी. जेवण इतकं झालं, की तंबूत शिरताना वाकणं अवघड गेलं. हा दोष तंबूचा नव्हे, पण मी धरला.

आत गेल्यावर यादी भराभर वाढली. ताठ बसता येत नाही. साडी नेसायची तर आडवं पडून. दोघी झोपलो की पिशव्या पायांशी, आणि कूस बदलायची तर एकमेकींना सांगून. चष्मा ठेवायला एक छोटा कप्पा होता, तेवढा चांगला. मी सगळ्या चेन लावल्या, वरची हवेची खिडकीसुद्धा. प्राची म्हणाली, ती उघडी ठेवायची असते. मी म्हटलं, झोप मुकाट्यानं.

पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला. आमचाच श्वास छताला लागून पाणी झाला होता आणि आता माझ्यावर गळत होता. हा दोष सांगायला मी प्राचीला हलवणार, तेवढ्यात खालून खळखळ ऐकू आली. हात टेकला तर जमीन पाण्यावरच्या गादीसारखी हलत होती. मी चेन शोधायला लागले, सापडेना. “प्राची, पूर आला गं,” मी म्हटलं.

ती उठली. हाताशी असलेली चेन उघडली, मोबाइलचा उजेड पाडला आणि अनवाणी चिखलात उतरली. मी आतून बघत होते. वाळल्या पाचोळ्याखालून ठिबकची नळी गेली होती, आणि मी ठोकलेली खुंटी बरोबर तिच्यातून आरपार होती. मोटारीला ऑटो बसवलेला. पहाटे लाईट आली आणि पाणी आपोआप सुरू झालं. प्राचीनं खुंटी उपटली, नळी दुमडली, केसांचा रबर काढून त्यावर घट्ट बसवला. पाणी थांबलं. मग तशीच, मोकळ्या केसांनी, चिखलाच्या पायांनी, ती ओट्याकडे निघाली. “मी जाऊन सांगते. नळी आपण फोडली,” ती म्हणाली.

‘आपण’ म्हणाली. आईनं, असं नाही म्हणाली.

मी तंबूत चाचपून पाहिलं. खाली एवढं पाणी, पण तळाचं कापड आतून कोरडं होतं.

नाना आले, जोड बसवला, हसले. “मोसंबीला पाणी द्यायचंच व्हतं. तुम्ही तंबूला बी दिलं.” कडूबाईंनी प्राचीचे पाय स्वतः धुतले, ती नको नको म्हणत असताना. “पोरगी भेत नाय,” त्या मला म्हणाल्या. मला एकदम भरून आलं आणि मी चहा सांडला.

परतताना आडूळला थांबलो. तंबू सुकावा म्हणून स्कूटीवर पसरला. प्राचीनं त्याची टोकं हँडलला अडकवली. मग म्हणाली, “आई, मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. म्हणशील म्हणूनच मी निवांत होते. मला भीती वाटते गं. ती मुलगी कशी असेल, तिथं मला जमेल का.”

म्हणजे मी तंबूमागे लपले होते, आणि ही माझ्यामागे. मला हसू आलं आणि मी तिच्या गालावरून हात फिरवला. ‘नाही’ या एका शब्दात सुटका करता आली असती. तिचीही, माझीही.

“जा,” मी म्हटलं. “हवेची खिडकी उघडी ठेवत जा.”

ती गेली. दोघींचं जमतं आहे असं फोनवर सांगते, केरळची मुलगी फार घोरते म्हणते. शेजारपाजारच्या बाया तंबूबद्दल विचारतात, तेव्हा गुण-दोष मी न चुकता सांगते. एक दोष तेवढा सांगत नाही. त्यात दोघींपुरतीच जागा आहे, आणि दुसरी मी नाही.