कांद्याच्या गावातलं चॉकलेट

पुण्याहून नाशिकची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मी केलेल्या चॉकलेटांचा डबा होता. बहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की तिच्या सासरच्यांनी तिच्या चॉकलेटाशेजारी माझं चॉकलेट ठेवून खावं आणि मग काय ते बोलावं.

आमच्या माहेरच्या गोतावळ्यात चॉकलेट म्हणजे मी, हे कित्येक वर्षं ठरलेलं आहे. बारसं असो, मुंज असो, साखरपुडा असो, पाहुण्यांच्या हातात पडणारी सोनेरी कागदातली चॉकलेटं माझ्या स्वयंपाकघरातून जातात. सोसायटीतल्या बायकांचे मी क्लास घेते. माझी धाकटी बहीण नंदा एकदा माहेरपणाला आली असताना माझ्याच ओट्यावर पहिलं चॉकलेट करायला शिकली आणि माझं चांगलं पातेलं करपवून देवळ्याला परत गेली. देवळा म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं कांद्याचं गाव. तिच्या सासरी कांद्याचाच व्यापार आहे. त्या नंदानं आता कोकोच्या बियांपासून चॉकलेट करायला घेतलंय म्हणे. मी बाजारातली तयार चॉकलेटची लादी आणते, वितळवते आणि साच्यात ओतते. ती बी भाजण्यापासून सुरुवात करते.

इथवरही मी सोसलं असतं. पण दादाचा फोन आला. त्याच्या मुलीचं, केतकीचं लग्न माघात आहे. "पाहुण्यांना द्यायच्या डब्यात या वेळी नंदाचं चॉकलेट घालावं म्हणतोय," तो म्हणाला. "तू जाऊन एकदा बघून ये. तुला त्यातलं कळतं. तू सांगशील तसं करू." म्हणजे गळा माझाच कापायचा आणि सुरीला धार बरी आहे का, तेही मलाच विचारायचं.

सिन्नर मागे पडलं तशी थंडी वाढली. नाशिकला उतरले तर जानेवारीचं ऊन नुसतं दिसायला होतं, अंगाला लागत नव्हतं. नंदा गाडी घेऊन आली होती, आणि ती स्वतः चालवत होती. तेही मला नवीन होतं.

"ताई, आधी मिसळ खाऊ, मग निघू," ती म्हणाली.

गावाबाहेर झाडांखाली टेबलं मांडलेल्या एका ठिकाणी तिनं नेलं. काळ्या मसाल्याची मिसळ, सोबत पापड आणि दही. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मिसळीवर मी मनापासून खूश झाले. तेवढ्यात गल्ल्यावरचे मालक उठून आमच्याकडे आले.

"तुम्ही चॉकलेटवाल्या ताई ना?"

मी ओढणी सावरून हसले. ते नंदाकडे बघत होते.

"आमच्या पोरीनं तुमचा व्हिडिओ दाखवला. लय भारी काम करताय. एक फोटो काढू का?"

नंदानं मलाही फोटोत ओढलं. "ही माझी थोरली बहीण, हिच्याकडंच शिकले मी," असंही म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मालकांनी "हो का?" म्हणून फोन असा धरला की त्यात माझा अर्धाच खांदा आला असावा. पुण्यात माझ्या चॉकलेटांचे इतके डबे गेले, पण मिसळवाल्यानं कधी मला ओळखलं नाही.

आग्रा रोडला लागलो. पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागा पसरल्या होत्या. काही बागांत घडांना कागद गुंडाळले होते. कांद्याचे ट्रॅक्टर एकामागोमाग एक चालले होते आणि नंदा त्यांना सराईतपणे मागे टाकत होती. चांदवडला डोंगर जवळ आले. तिथून देवळ्याकडे वळलो आणि बंद काचांतूनही वास आत शिरला.

"केवढा कांद्याचा वास गं," मी म्हटलं.

"कुठाय?" नंदा म्हणाली. तिनं काच खाली करून बाहेरची हवा हुंगली आणि पुन्हा वर केली. "मला तर नाही येत."

नंदाच्या घरासमोरचं खळं लाल कांद्याच्या ढिगांनी भरलं होतं. बायका निवड करत बसल्या होत्या. नंदाच्या सासूबाई ओसरीवर उन्हाला बसल्या होत्या. त्या बोलतात अहिराणीच्या वळणानं. "ये वं माय, बठ. थकी गयी व्हशी (ये गं बाई, बस. दमली असशील)," म्हणाल्या आणि माझ्या हातातला डबा लगेच उघडला. एक चॉकलेट तोंडात टाकलं. "गोड शे," एवढंच बोलल्या. गोड तर गूळही असतो.

चहा झाल्यावर नंदानं तिचा कारखाना दाखवला. कारखाना कसला, घरामागच्या दोन खोल्या. पण आत शिरल्याबरोबर माझ्या पोटात दुखायला लागलं. कोपऱ्यात कोकोच्या बियांची पोती होती. बी बदामाएवढी, रंगानं तपकिरी, वासाला किंचित आंबूस.

"ही आली कुठून?"

"केरळातून. ह्यांचा कांदा ट्रकनं तिकडं जातो ना, परत येताना ट्रक रिकामे यायचे. मी म्हटलं, रिकामे कशाला आणता?"

रिकाम्या ट्रकवरून एवढं सुचायला माझ्याकडे ट्रक नव्हता, असं मी स्वतःला समजावलं.

नाशिकहून काही कॉलेजच्या मुली बघायला आल्या होत्या. त्यांना नंदा जे सांगायला लागली ते मी दाराला टेकून ऐकलं. कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोकडचे जुने लोक चॉकलेट खात नसत, पीत असत, तेही कडू आणि मिरची घालून. बिया पैशांसारख्या चालत. स्पेनच्या लोकांनी ते युरोपात नेलं, तिथं त्यात साखर पडली, आणि वडी तर फार उशिरा आली. आपल्याकडे दक्षिणेत नारळी-पोफळीच्या सावलीत हे झाड वाढतं. फळाच्या बुंध्यालाच चिकटून फळं धरतात. ("झाडाच्या बुंध्याला गं," मी मध्येच दुरुस्त केलं. तेवढंच मला करता आलं.) फळ फोडून पांढऱ्या गरासकट बिया केळीच्या पानांखाली आंबवायच्या. आंबल्या नाहीत तर चॉकलेटची चव येतच नाही. मग वाळवायच्या.

"हे सगळं तिकडंच होतं. पुढचं आमच्याकडं," नंदा म्हणाली. ती बिया भाजते, भरडते आणि टरफलं सुपानं पाखडते. कांदा निवडणाऱ्याच दोन बायका सुपं घेऊन बसल्या होत्या आणि टरफलं अशी उडत होती की बघत राहावं. मग डाळ-तांदूळ वाटायच्या ग्राइंडरसारखं दगडी यंत्र. त्यात भरड दोन-तीन दिवस फिरत राहते. कोकोचं स्वतःचं लोणी सुटतं आणि त्याचं पातळ, चमकदार चॉकलेट होतं. शेवटी ते ठरावीक गरम-थंड करून साच्यात घालायचं, म्हणजे वडी चकाकते आणि मोडताना कट्कन आवाज येतो.

"आणि बाजारातल्या लाद्या असतात त्या?" एका मुलीनं विचारलं.

"त्यात बहुतेक कोकोचं लोणी नसतंच. दुसरं तेल असतं. चॉकलेटच्या चवीचा डालडा समजा," नंदा म्हणाली. मग तिला मी दिसले आणि ती लाल झाली. मी खिडकीतून कांदे बघायला लागले. माझा नुसता तिळपापड झाला होता. खोटं बोलली असती तर मी भांडले तरी असते.

मुली गेल्यावर नंदा मागच्या चाळीतून तयार वड्या घेऊन आली. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, लाकडी पट्ट्यांची कोठी. खालून-बाजूनं वारा खेळता राहतो, म्हणून कांदा सडत नाही. दिवाळीला ती रिकामी होते आणि उन्हाळी कांदा येईपर्यंत तशीच असते. नंदाच्या वड्या केल्यावर काही आठवडे मुरत ठेवाव्या लागतात. त्यासाठी दिलीपरावांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्यांनी, चाळीच्या एका टोकाला फळ्या मारून दिल्या होत्या.

सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला. मीही घेतला. आधी कडसर, मग फळासारखं आंबटगोड, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला कांदा. चक्क कच्चा कांदा आणि जुनं बारदान.

मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. दिलीपराव डोळे मिटून चघळत होते. सासूबाई दुसरा तुकडा मागत होत्या. नंदाचा चेहरा फुलला होता. एकालाही वास येत नव्हता. कुठून येणार? जन्म कांद्यात गेलेला.

खरं सांगते, मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. केतकीच्या लग्नात विहीणबाई डबा उघडतात, तुकडा तोंडात टाकतात आणि त्यांचं नाक वर जातं, हे मला लख्ख दिसलं. मी काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. जेवताना मी बाजरीची भाकरी आणि शेवेची भाजी दोनदा वाढून घेतली.

जेवण झाल्यावर नंदा माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, खरं सांग, कसं झालंय? इथं सगळे छान छानच म्हणतात. दादाचं काम आहे, केतकीच्या सासरी जायचंय. तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?"

"कांद्याचा वास येतो," मी म्हणाले.

मायेनं म्हणाले की मत्सरानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तोंडातून निघून गेलं एवढं खरं.

दिलीपराव हसले. "ताई, जिथं कांदा सडत नाय तिथं चॉकलेटला काय व्हनार हाय? चाळ झाडून, चुना मारून दिलीय. बाहेर कांदा पडलाय, त्याचा वास येत आसंल तुम्हाला."

नंदा मात्र हसली नाही. "सकाळपासून बघतेय मी," ती म्हणाली. "तुझं तोंड कसं झालंय ते. तुझं पोट दुखतंय, कळतं मला. पण इतकं? उगीच नाकानं कांदे सोलू नकोस ताई."

पोट दुखत होतंच. मत्सर करणाऱ्या माणसानं खरं बोललं तरी ते कोण ऐकणार? मी जाऊन माझी पिशवी भरायला लागले.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "भांडू नका वं. आमले ते वास येतच नही, मग आमले काय कळी? तिना डोया बांधा आनि खावाले द्या (आम्हाला तर वास येतच नाही, मग काय कळणार? हिचे डोळे बांधा आणि खायला द्या)."

कालच केलेल्या काही वड्या अजून यंत्राच्या खोलीतच होत्या. नंदानं त्या आणि चाळीतल्या अशा दोन्ही आणल्या, माझ्याच ओढणीनं माझे डोळे बांधले, चांगले घट्ट, आणि एकेक तुकडा हातावर ठेवायला सुरुवात केली.

"चाळीतला," मी म्हणाले. पुढचा. "हाही चाळीतला." पुढचा मी तोंडात टाकला आणि थांबले.

त्याला कांदा शिवलेला नव्हता. कडसरपणा हळूच आला, त्यामागून मनुकेसारखी आंबट गोडी आली, आणि सगळं विरघळून गेल्यावरही तोंडात काहीतरी छान उरलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही झालेलं नाही. पुढंही होणार नाही, हे त्या वेळी मला स्वच्छ कळलं. चूक काढायला आले होते आणि चूक सिद्ध करायची म्हणून हे खाणं भाग पडलं होतं. डोळे बांधलेले होते ते बरंच झालं.

"काय गं?" नंदानं विचारलं. "हा कुठला?"

"अजून एक दे," मी म्हणाले.

मग नंदानं ओढणी सोडली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. तिला दोन्ही गोष्टी कळल्या होत्या: चाळीत वास खरंच लागतो हे, आणि चाळीबाहेरची वडी माझ्यापेक्षा सरस झालीय हे. चाळीतल्या फळ्या त्याच दुपारी दिलीपरावांनी उतरवायला घेतल्या. "शेजारी सटाण्याला न्यावं तर तिथंबी कांदाच," ते पुटपुटत होते. शेवटी नाशिकला मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये वड्या मुरत ठेवायच्या आणि केतकीच्या डब्यांसाठी सगळं नव्यानं करायचं ठरलं.

"तेवढे दिवस पुरतील?" मी विचारलं.

"पुरवीन," नंदा म्हणाली. "पण तू यायचंस चाखायला. आमच्या घरात नाकच नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये संगमनेरच्या आसपास दादाचा फोन आला. "काय मग? कुणाचं घ्यायचं?"

बाहेर उसाचे फड मागे पळत होते.

"नंदाचं घे," मी म्हणाले. "पण डबे मी भरणार. मी हुंगल्याशिवाय एकही वडी आत जाणार नाही." तो खूश झाला. मोठ्या मनाची आहेस, म्हणाला. कसलं मोठं मन! लोक म्हणतात, प्रवासानं माणसाचं मन निवळतं. माझं नाही निवळलं. गेले तेव्हा ऐकीव गोष्टीचा हेवा होता, आले ती चव घेऊन, आणि आता तो हेवा काही केल्या जाणार नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी वडी तोंडात टाकून मला विचारणारच, "वा! तुम्ही केलंत?" तेव्हा मला हात वर करून नंदाकडे बोट दाखवावं लागेल. तो हात उचलायची मी आतापासूनच तयारी करतेय.