काडीला मूळ फुटेपर्यंत

भाऊजी गेल्याचा फोन ताईनं स्वतः केला. रडत नव्हती, चिडलेली होती. "कमे, गेले वं तुझे भाऊजी. सकाळी चहा घेतला, कुंडीतली काडी उपटून पाह्यली, 'अजून नाई' म्हणाले, आन् खुर्चीत बसले ते बसलेच. काडी तशीच हातात... साठ वर्सं संसार केला मी, आन् शेवटचं बोलले ते काडीसंगं!" मी फोन कानाला धरून उभी. आधी हसूच आलं, मग पोटातून असं रडू फुटलं की घरातले सगळे धावत आले. नव्वदीला टेकलेला माणूस, दुखणं नाही, दवाखाना नाही, चहा पिऊन गेला. असं मरण कुणाला मिळतं? पण माणूस आपला असला की हे शहाणपण काही कामाचं नसतं.

मारोतराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वरोऱ्याच्या कापूसवाल्या घरातले, पण कापसात मन रमलं नाही म्हणून जंगलखात्यात शिरले. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून आमचा चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर. भाऊजी आलापल्लीच्या रोपवाटिकेवर होते. मला तिथल्याच शाळेत मास्तरणीची नोकरी लागली आणि मी ताईकडे राहायला गेले. बाकीच्यांचे भाऊजी मेव्हणीची थट्टा करतात, साडी आणतात, फार तर सर्कशीला नेतात. आमच्या भाऊजींनी पहिल्याच दिवशी मला सागाची काडी दाखवली आणि विचारलं, "सांग, हिले मूळ काऊन फुटत नसन?" मी म्हटलं, "मले काय माहीत! मी आताच गाडीतून उतरून राह्यली." तर म्हणाले, "मलेबी माहीत नाई," आणि इतके खूश झाले, जणू मी परीक्षा पास झाले होते.

सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक झाड होतं. जंगलात आत, नाल्याच्या काठावर, एक साग होता. सरळ कसा, तर भिंत बांधताना गवंड्यानं ओळंब्याऐवजी तो वापरावा. किती उंचावर जाऊन पहिली फांदी! भाऊजी त्याला पाटील म्हणत. जाताना टोपी काढून रामराम करत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि तोडायच्या झाडावर खातं ज्या हातोड्यानं खूण उमटवतं, तो पाटलावर बसला होता. त्या कुपाची, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याची, तोडीची पाळी आली की झाड पडणार, हे ठरलेलं. "मग बी लावा ना त्याचं," ताई म्हणायची. त्यावर भाऊजी तिला असं पाहत की बिचारीनं जणू पाटलाला शिवी दिली. "अवं, बियाचं काय सांगते? माय पाटील, आन् बाप कोण ते माशीले माहीत! पोर वाकडं निघालं तर कोणाले विचारू? मले पाटीलच पाह्यजे. सोळा आणे पाटील." म्हणजे कलम. पाटलाची फांदी तोडायची, मातीत खोचायची, तिला मूळ फोडायचं. हेच पांगाऱ्याची फांदी कुंपणाला ठोकली तरी आपोआप होतं, पण साग मोठा मानी. आणि कुऱ्हाड यायच्या आत हे व्हायला पाहिजे होतं.

मग आमच्या घराची जी दशा झाली ती काय सांगू! काडीभोवती दमट हवा हवी, म्हणून ताईच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या रिकाम्या होऊन अंगणात उपड्या पडल्या. लोणचं पातेल्यात, पातेल्याला बुरशी. वाळूतली कीड मरावी म्हणून ती भाजायची, तर पुरणाच्या कढईत. त्या वर्षी होळीला आमच्याकडे पुरणात कचकच आली आणि पाहुणे अर्ध्या पोळीवरून उठले. सागाचं पान सुपाएवढं, ते काडीतलं पाणी पिऊन टाकतं, म्हणून पानं अर्धी कापायला माझी शिवणकामाची कात्री गेली. वरच्या कचेरीतून पुडीत मुळं फुटायचं औषध आलं, ते झालं. मध झाला, शेण झालं, नारळाचं पाणी झालं. एकदा तर ताईच्या सासूबाईंनी बाळंतिणीसाठी पाठवलेला डिंकही गेला. घरात बाळंतीण नव्हती म्हणा, पण सासूबाईंनी आशेनं पाठवला होता.

आणि एका सकाळी एका काडीला पालवी फुटली! भाऊजी धोतराचा सोगा हातात धरून अंगणभर नाचले. ताईच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता, तिला काय उकळी आली कोण जाणे, म्हणाली, "बारसं करू." आणि केलं की! आजूबाजूच्या बाया आल्या, हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या, काडीला काजळाची तीट लावली. भाऊजींनी मोठ्या साहेबांना बोलावलं. डोक्यात एकच, की काडी पाहून साहेब पाटलाची तोड थांबवतील. साहेब भले माणूस, घुगऱ्या खाल्ल्या, अभिनंदन केलं आणि म्हणाले, "मुळं पाहू." भाऊजींनी काडी उपटली. खाली काही नाही. गाजर सोलल्यासारखी चकचकीत काडी! पालवी फुटली होती ती काडीतल्याच शिल्लक शिदोरीवर. साहेब हळूच म्हणाले, "मारोतराव, बारसं आधी झालं, बाळंतपण राहिलं." बाया पदर तोंडाला लावून हसत पळाल्या. भाऊजी ती काडी हातात धरून संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून होते...

त्या हिवाळ्यात पाटील पडला. भाऊजी स्वतः हजर राहिले. घरी आले ते थेट आंघोळीला गेले, डोक्यावरून. मग जेवण बंद, दाढी बंद. ताईनं आधी समजावलं, मग चिडली. "सुतक पाळून राह्यले का? माणूस होता का तो?" भाऊजी म्हणाले, "माणसापेक्षा सरळ होता." उन्हाळा लागला तरी माणूस सुधरेना, तेव्हा आम्ही दोघी बहिणींनी त्यांना ओढत नाल्यावर नेलं. भाऊजी थुटाकडे, पाटलाच्या उरलेल्या बुंध्याकडे, पाठ करून उभे. मीच ओरडले, "भाऊजी, पाटील फुटून राह्यला!" थुटाच्या कडेनं लालसर, लुसलुशीत कोंब उभे होते. भाऊजी वळले. गुडघ्यांवर बसून कोंब चाचपले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "मी गाढव हावो! म्हाताऱ्याच्या शेंड्याले पोर मागत होतो. तारुण्य तर इथी बुडाशी लपलं होतं."

आता कोवळ्या कोंबांच्या काड्या. पण भाऊजींना एक सवय होती, आणि तीच खरी वैरीण. ती म्हणजे उपटून पाहायची. सकाळी उपटून पाहणार, दुपारी उपटून पाहणार. मूळ यायचं असलं तरी लाजून परत जाईल! शेवटी ताईनं दोनच काड्या घेतल्या, एक पाटलाची, एक शेजारच्या दुसऱ्या थुटाची, आणि सरळ तुळशीवृंदावनात लावल्या. वर बरण्या. "आता लावा हात! तुळशीचं लग्न लागेपर्यंत मातीले शिवायचं नाई." भाऊजी विज्ञानाचे होते, पण वरोऱ्याचेही होते. तुळशीची माती उकरायची हिंमत होईना. रोज आंघोळ करून वृंदावनाभोवती फेऱ्या घालत आणि बरणीला नाक लावत. शेजारणी म्हणायच्या, "मारोतभाऊ किती धार्मिक झाले हो!" मी हसून हसून मेले.

तुळशीचं लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशी ताईनंच माती उकरली. पाटलाच्या काडीला शेवयांसारखी पांढरी मुळं! भाऊजी लेकरासारखे रडले. दुसरी काडी मात्र ठार मेलेली. डोळे पुसता पुसताच त्यांचं सुरू झालं, "तुळस एक, पाणी एक, बाई एक. याले फुटलं, त्याले नाई. म्हणजे हे रक्तातच असते!" कोणत्या झाडाच्या घराण्याला मूळ धरायची खोड आहे आणि कोणत्याला नाही, हे शोधण्यात मग त्यांचं आयुष्य गेलं. दोन काड्यांवरून असं ठरत नाही, हे त्यांनाच पक्कं माहीत होतं. म्हणून तर पुढे शेकड्यांनी लावल्या. मला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या बापाला त्यांनी पगार विचारला नाही. विचारलं काय, तर "तुमच्या घरातल्यांले बदलीच्या गावी करमते का?" लग्न मोडता मोडता राहिलं.

ती तुळशीतली काडी चंद्रपूरच्या घराच्या अंगणात लावली. तिचा साग झाला, सरळ, बापासारखा... नाही, बापच. पुढे ताईचाही पाळणा हलला, तिची दोन्ही लेकरं त्याच्या सावलीत वाढली. गेली काही वर्षं भाऊजी त्याच्याच शेंड्याच्या काड्या लावत होते, आणि एकही लागत नव्हती. लागणार नाही हे त्यांना सगळ्या जगात सगळ्यात आधी कळलं होतं. उपाय एकच होता, झाड कापून बुडाला नवे कोंब फुटू द्यायचे. तरुणपणी एकदा पाहिलेलं पुन्हा पाहायची छाती त्यांना झाली नाही. ताईला म्हणून ठेवलं होतं, "मी गेल्यावर काप. म्हातारा साग आहे, फुटंलच असं नाई. पण नाई कापलं तर पाटील इथीच संपला."

तेरवी झाली आणि ताईनं परवानगी आणवून झाड कापवलं. पोरगा नको नको म्हणत होता. भाऊबंद म्हणाले, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मी गेले तेव्हा अंगणात ऊन भक्क पडलं होतं, आणि मध्ये ते थुट. ताई त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. फोनवर रडली नव्हती, तेरवीला रडली नव्हती. भेटायला आलेले एक नात्यातले गृहस्थ चहाचा कप घेऊन म्हणाले, "बाई, मन घट्ट करा. जे होतं ते संपलं आता," आणि टेकले त्या थुटावर.

"संपलं कुठी?" ताई अशी कडाडली की रस्त्यावरचे लोक थांबले. "उठा आधी तिथून! त्याले फुटायचं हाये अजून!"

आणि तिला रडू फुटलं. ते गृहस्थ चहा उभ्यानंच प्याले.