निळा पत्रा

कुपवाडात वादळानं आमच्या गल्लीतले पत्रे उडवले. सकाळी चांगल्या पत्र्याला चार-चार मालक निघाले, गंजक्याला एकही नाही. निवाड्याला शेजारचा वेल्डर आला. काहीही बोलण्याआधी कानामागची पेन्सिल काढायची त्याची सवय. ती त्यानं पत्र्याच्या भोकांवरून फिरवली.

"आवं मामा, ह्यो तुमचा न्हाई. तुमची भोकं मी पाडल्यात, ती एका रेषेत हायती."

मामांसकट सगळे हसले.

शेवटी एक नवा निळा पत्रा उरला. त्याला पेन्सिल न लावताच तो म्हणाला, "ह्यो मावशीचा." आणि एकट्या राहणाऱ्या मावशीच्या उघड्या घरावर त्यानं तो ठोकलाही.

दुपारी त्याच्या दुकानात गेलो. छपराच्या निळ्या पत्र्यांच्या मधोमध चौकोनी आभाळ दिसत होतं.

"उजेड लय झ्याक येतोय गड्या," तो म्हणाला.