रुस्तुमनं वीणा खाली ठेवली

"भावजी, ह्यांनी वीणा खाली ठेवली!" फोनवर कौसावहिनी एवढंच बोलल्या आणि मी तसाच देवळाकडं निघालो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा भुईला टेकत नाही. उभ्यानं द्यायचा पहारा संपला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्या गावात हा नेम प्राणापलीकडे जपणारा माणूस म्हणजे रुस्तुम. त्यानं भर दुपारी, स्वतःच्या पहाऱ्यात, ती फरशीवर ठेवली आणि कारखान्याचा भोंगा झाला म्हणत देवळात जेवणाचा डबा शोधू लागला...

आम्ही दोघं अंकुशनगरला साखर कारखान्यावर फिटर होतो. जुन्या काविळीनं त्याचं यकृत आतल्या आत आक्रसत गेलं, आणि गावानं त्याला दारुडा ठरवलं. म्हणे, माळ घालून चोरून पितो! बोलणाऱ्यांचा मला अजून राग येतो. त्यानं कधी थेंबाला हात लावला नव्हता. पोटात पाणी व्हायचं, सुईनं काढायचं, की थोड्याच दिवसांत पोट पुन्हा घागरीएवढं. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून आत जाऊन यकृतात शंट बसवला, म्हणजे रक्ताला बाजूची वाट करून दिली. पाणी ओसरलं. रुस्तुम हरखून गेला.

"वॉल जाम झाल्ता, आता बायपास लाइन टाकली बघ," तो मला म्हणाला. "पर फिल्टर सोडून रगत चाललंय गड्या. गाळ मंग बराबर डोक्यात जाणार. म्हणून हे शिरप." त्या गोड औषधानं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं, ते बिलकूल चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणजे कळत सगळं होतं त्याला! पण पहाऱ्यात मधेच शौचाला पळायचं कसं? सप्ताह बसला तसं त्यानं वहिनींपासून लपवून औषध सोडलं. चहात मीठ टाकलं, तेव्हा वहिनींना वाटलं, उभं राहून राहून थकलेत.

मी देवळापाशी पोचलो तेव्हा त्याला जीपमध्ये बसवत होते. "रुस्तुम, अरे मी..." म्हटलं, तर माझ्याकडं बघून म्हणाला, "आलोच सायेब." चाळीस वर्षांच्या दोस्तीतलं ते शेवटचं बोलणं. वाटेतच त्याची शुद्ध हरपली, दवाखान्यात तो शुद्धीवर आलाच नाही. घडीभर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली असती, तर कोणता देव रागावणार होता? भेटला असता तर दोन शिव्या हासडून हेच विचारलं असतं.

गावाची वीणा त्याच्याच घरी, खुंटीला असते. तेराव्यानंतर एका दुपारी गेलो, तर खुंटी रिकामी. वीणा छातीशी धरून वहिनी घराच्या मधोमध उभ्या होत्या. पाय सुजलेले. त्याच्या पहाऱ्याची वेळ होती.

"बसा की वहिनी."

"बसलं तर टेकंल ना, भावजी," त्या म्हणाल्या, आणि पहारा संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.